कातळशिल्पं पाहायला निघालात? सड्यावर पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

रत्नागिरी, राजापूर आणि मालवण भागातली कातळशिल्पं, म्हणजे सड्यांवरच्या उघड्या, सपाट खडकात कोरलेली जुनी चित्रं, पाहायला येणाऱ्यांची गर्दी गेल्या काही वर्षांत वाढली आहे. २०२२ मध्ये कोकणातल्या कातळशिल्पांची ९ ठिकाणं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली, त्यानंतर तर जास्तच. पण येणाऱ्यांपैकी कितीतरी जण भर दुपारी सड्यावर पोचतात, दहा मिनिटं इकडेतिकडे फिरतात आणि “इथं काहीच दिसत नाही” म्हणून गाडी वळवतात. काही जण त्याहून वाईट करतात. रेष उठून दिसावी म्हणून तिच्यात रांगोळी नाहीतर खडूची पूड भरतात. थोडी तयारी करून गेलं तर या दोन्ही गोष्टी टळतात आणि एका चित्रापाशी तासभर कसा गेला ते कळत नाही. पहिल्यांदा जाणाऱ्यानं काय करावं, कोणत्या क्रमानं करावं, ते इथे सांगतो.

आधी सडा समजून घ्या

खाडीकाठची भातखाचरं आणि पोफळीच्या बागा मागं टाकून घाटी चढलात की वर सपाट, उघडाबोडका, नजर पोचेल तिथवर पसरलेला खडक लागतो. तो सडा. खडक जांभा. मूळचा काळा बेसाल्ट उष्ण, दमट हवेत लाखो वर्षं झिजत गेला, विरघळणारी द्रव्यं पावसाबरोबर वाहून गेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागं राहिलं आणि हा तांबडा, छिद्राछिद्रांचा दगड तयार झाला. आतला जांभा काढताना मऊ असतो, हवा लागली की टणक होतो. म्हणून त्याचे चिरे पाडता येतात, आणि कोकणातली घरं, देवळं, विहिरी, गडगे (दगडी कुंपणं) सगळं त्याच चिऱ्याचं. वरचा उन्हापावसात कडक झालेला थर म्हणजे कातळ.

कातळशिल्पं या थरावर, आडवी, जमिनीच्या पातळीत कोरलेली आहेत. लेण्यांतल्या मूर्तींची सवय असलेल्या डोळ्याला हे जड जातं. इथं समोर बघून काही मिळत नाही, नजर पायांपाशी ठेवावी लागते. बरीचशी शिल्पं तर माती आणि गवताखाली गाडली गेलेली होती. मोजक्या गावांना ती पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. तिथले लोक त्यांना पांडवांची चित्रं म्हणत, देवाची जागा मानत. बाकीची उजेडात आली ती रत्नागिरीच्या सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि डॉ. सुरेंद्र ठाकूरदेसाई यांच्या पायपिटीमुळे. गुराखी, शेतकरी, शाळेतली मुलं यांना विचारत विचारत त्यांनी सडे पालथे घातले. आज नोंद झालेल्या आकृत्यांची संख्या हजाराच्या पुढे आहे. राज्य पुरातत्त्व विभागानंही डॉ. तेजस गर्गे यांच्या काळात हे काम जोरात हाती घेतलं.

वयाबद्दल एवढं लक्षात ठेवा. दगडात कोरलेल्या रेषेचं वय थेट मोजायची सोपी सोय नाही, कारण कार्बन पद्धतीला सेंद्रिय अवशेष लागतो आणि खोबणीत तो नसतो. म्हणून अभ्यासक चित्रांतूनच अंदाज बांधतात. प्राणी भरपूर, पण नांगर, पीक, शेतीचं काम कुठं दिसत नाही. एकशिंगी गेंडा दिसतो, जो आता आसाम, उत्तर बंगाल आणि तराईतच उरला आहे. कणकवली तालुक्यातल्या कोळोशीच्या गुहेत उत्खनन झालं तेव्हा दगडी हत्यारं मिळाली, म्हणजे अश्मयुगातला माणूस या भागात राहत होता हे नक्की. या सगळ्यावरून मध्याश्मयुगापासून (बारीक दगडी हत्यारांनी शिकार करण्याच्या काळापासून) आद्य ऐतिहासिक काळापर्यंतचा (लेखी इतिहास सुरू होण्याच्या सुमारापर्यंतचा) मोठा पट्टा मानला जातो. सगळी चित्रं एकाच काळातली असतील असंही नाही. कुणी छातीठोकपणे एकच आकडा सांगितला तर तो कशावरून, हे विचारा.

पहिली पायरी : कुठून सुरुवात करायची

युनेस्कोच्या यादीतली रत्नागिरी जिल्ह्यातली ठिकाणं ७ : उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे. सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं पणसाईमळ धरून ९. ही सगळी एका दौऱ्यात उरकायचा बेत करू नका. एका दिवसात दोन ठिकाणं पुष्कळ झाली, कारण बघण्यासारखा उजेड सकाळी दोन-अडीच तास आणि संध्याकाळी तेवढाच असतो.

नवख्यानं उक्षीपासून सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे. तिथं एकच मोठा हत्ती आहे, आकृती सलग आहे आणि गावानं पुढाकार घेऊन भोवती बांधबंदिस्ती केली आहे. उंचावरून बघायची सोय असल्यामुळे पाठ, सोंड, पाय एका नजरेत येतात. डोळ्याला रेष ओळखायची सवय लागायला याहून चांगली जागा नाही. उक्षी नावाचं छोटं स्टेशनही कोकण रेल्वेवर आहे, पण तिथं मोजक्याच गाड्या थांबतात, तेव्हा रत्नागिरीला उतरून गाडी करणंच सोयीचं.

त्यानंतर जांभरुण. इथं पन्नासाच्या आसपास आकृत्या एकाच आवारात विखुरलेल्या आहेत, माणसं आहेत, प्राणी आहेत, पाण्यातले जीव आहेत. एकापासून दुसरीकडे जाताना तिसरीवर पाय पडायची भीती इथं सर्वांत जास्त, म्हणून उक्षीला नजर बसवून मगच इथं या. खाली गावात पोफळीच्या बागांतून पाटाचं पाणी खेळतं. वरचा रखरखीत सडा आणि खालचं हे हिरवं गाव एकमेकांपासून इतकं जवळ आहे की कातळावर चित्रं काढणाऱ्या माणसाला पाणी आणि शिकार कुठं मिळत असेल, याचा अंदाज आपोआप येतो.

दुसरा दिवस दक्षिणेकडे. रत्नागिरीहून पावस, पूर्णगड, गावखडीवरून किनाऱ्याच्या रस्त्यानं कशेळी. बहुतेकांना हे गाव कनकादित्याच्या देवळामुळे माहीत असतं. इथल्या कातळावरचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद आहे, देशातली सर्वांत मोठी कोरीव आकृती म्हणून त्याचा उल्लेख होतो. त्याच्या बाह्यरेषेच्या आत ७० हून अधिक लहान आकृत्या आहेत. त्याच्याबद्दल पुढे सविस्तर लिहितो, कारण बघायचं कसं हे शिकायला तोच खरा मास्तर आहे.

राजापूर तालुक्यातली आणखी तीन ठिकाणं एकमेकांहून अगदी वेगळी आहेत. देवीहसोळला आर्यादुर्गेच्या देवळाजवळ एक चौकोनी पट आहे. त्यात प्राणी शोधू नका. ती रेषांची गुंतागुंतीची रचना आहे आणि तिचा उलगडा कुणालाच झालेला नाही. बारसूला दोन वाघांच्या मधे उभा माणूस आहे. दोन्ही बाजूंना वाघ आणि मधे माणूस ही कल्पना सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवरही दिसते, त्यामुळे अभ्यासकांत या चित्राची खूप चर्चा होते. देवाचे गोठणे इथे मानवाकृती कोरलेली आहे आणि त्या जागी होकायंत्राची सुई भरकटते. कोरणाऱ्याला याची काही कल्पना होती का, यावर तर्क पुष्कळ लढवले जातात. होकायंत्र नेऊन स्वतः बघाच, मोबाइलमधलं नेलंत तरी चालेल. रेल्वेनं येणार असाल तर राजापूर रोड स्टेशन राजापूर शहरापासून बरंच लांब आहे, पुढच्या वाहनाची आधी व्यवस्था करून ठेवा.

कुडोपी मालवण तालुक्यात, आणि गावातले लोक त्या जागेला बाहुल्यांचं टेंब म्हणत आले आहेत. पणसाईमळ गोव्याच्या सांगे तालुक्यात, रिवणच्या पुढे कुशावती नदीच्या काठावर. १९९३ मध्ये गोव्याच्या पुराभिलेख आणि पुरातत्त्व खात्याचे तेव्हाचे संचालक पी. पी. शिरोडकर यांनी ते प्रकाशात आणलं. तिथला वाटोळा भुलभुलैया, बैल, हरणं आणि मोर कोकणातल्या सड्यांवरच्या चित्रांशी ताडून बघण्यासारखे आहेत. पण ती जागा नदीकाठची, पावसाळ्यात कुशावतीचं पाणी वर चढतं. पाऊस पूर्ण ओसरल्यावरच जा.

दुसरी पायरी : ऋतू आणि वेळ

नोव्हेंबर अखेर ते फेब्रुवारी हा सर्वांत चांगला काळ. ऑक्टोबरात सड्यावर गुडघाभर गवत असतं आणि खोबण्यांत माती साचलेली असते. मार्चपासून कातळ इतका तापतो की दहानंतर बसवत नाही. पावसाळ्यात कातळावर शेवाळ धरतं, पाय सरकतो. मात्र जून ते सप्टेंबर सड्याची तऱ्हाच वेगळी असते. सुरुवातीच्या पावसात दिपकाडीची पांढरी फुलं येतात, पुढे सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा गालिचा पसरतो. दिपकाडी कोकणातल्या याच सड्यांवर वाढते. फुलांसाठी जरूर जा, पण तेव्हा शिल्पांच्या आवारात पाय न घालणंच बरं.

ऋतूपेक्षा वेळ जास्त महत्त्वाची. सूर्य डोक्यावर असला की खोबणीत सावली पडत नाही, आणि सावली नसेल तर रेष नाही. सूर्य खाली असताना तिरपी किरणं खोबणीच्या एका काठावर पडतात, दुसरा काठ काळोखात जातो आणि सकाळी आठला स्वच्छ दिसणारा हत्ती दुपारी बाराला साधा खडक होऊन बसतो. म्हणून सूर्य उगवल्यापासून साधारण साडेनऊपर्यंत, नाहीतर दुपारी चारनंतर. ज्यांना जमेल त्यांनी एकच शिल्प सकाळी आणि संध्याकाळी, दोन्ही वेळा बघावं. सकाळी न दिसलेल्या रेषा संध्याकाळी उजेडाची दिशा पालटली की वर येतात.

दुपारीच पोचायचं नशिबी आलं तर एक युक्ती आहे. दोघांनी मिळून करायची. एकानं छत्री नाहीतर चादर धरून रेषेवर सावली पाडायची आणि दुसऱ्यानं लांबून, जमिनीलगत आरसा धरून उन्हाचा कवडसा आडवा सोडायचा. लहान आकृती तेवढ्यापुरती जिवंत होते.

तिसरी पायरी : गावातून जा

ही पायरी टाळणारे खूप, आणि गावकऱ्यांना सगळ्यात जास्त राग त्याचाच येतो. सडा ओसाड दिसला तरी बेवारस नसतो. तो कुणाच्या तरी सातबाऱ्यावर असतो, सामाईक असतो, तिथं गुरं चरतात, गवत कापलं जातं, आंबा-काजूची कलमं लावलेली असतात. नकाशावरचा ठिपका बघून थेट गाडी सड्यावर चढवू नका. आधी ग्रामपंचायतीत जा, नाहीतर वाडीत पहिल्या घरी थांबा. “काका, नमस्कार. कातळावरची चित्रं बघायला आलोय. गाडी कुठं लावू? कुणी दाखवायला येईल का?” एवढं पुरतं. बहुतेक वेळा कुणीतरी दादा सोबत येतात आणि सांगण्यासारखं त्यांच्याकडे पुष्कळ असतं. त्यांच्या वेळेचे पैसे आपणहून, योग्य तेवढे द्या. “राहू दे हो” म्हणाले तरी द्या.

काही जागांशी गावाचा देवधर्म जोडलेला आहे. चपला काढा म्हणाले तर काढा, अमुक दिवशी येऊ नका म्हणाले तर येऊ नका. पांडवांनी एका रात्रीत कोरलं, असं आजीनं सांगितलं तर तिला मध्याश्मयुग समजावत बसू नका. तिच्यासारख्यांनी ती जागा देवाची मानली म्हणून तिथं आजवर सुरुंग लागला नाही. ती कथा ऐका, जमलं तर तिच्याच शब्दांत लिहून ठेवा.

बारसूच्या परिसरात थोडं अधिक भान ठेवा. एप्रिल २०२३ मध्ये तिथल्या सड्यावर प्रस्तावित तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी माती परीक्षण सुरू झालं आणि गावकऱ्यांनी मोठा विरोध केला. टेप आणि कॅमेरे घेतलेली अनोळखी माणसं दिसली तर लोकांनी चौकशी करणं अगदी स्वाभाविक आहे. कोण, कुठले, कशासाठी आलात, हे न विचारता सांगा. ड्रोन तर गावाला विचारल्याशिवाय आणि नियम पाहिल्याशिवाय कुठंच उडवू नका.

चौथी पायरी : अंगावर आणि पिशवीत काय हवं

घोट्याच्या वरपर्यंत येणारे बूट. हे सांगण्यामागे एकच कारण आहे, फुरसं. रत्नागिरीच्या जांभ्या सड्यांवर हा विषारी साप भरपूर आहे. लहान असतो, मातकट रंगाचा, सुटे दगड आणि गडग्यांच्या फटीत दडून बसतो. म्हणून दगड उलटून बघायचे नाहीत, गडग्यावर हात टेकायचा नाही, गवतात पाय ठेवण्यापूर्वी काठी आपटायची आणि अंधार पडायच्या आत सडा उतरायचा. कुणाला चावलंच तर वर बांधणं, कापणं, चोखणं यातलं काही करू नका. माणसाला शांत ठेवा, चावलेला भाग हलू देऊ नका आणि थेट जवळच्या सरकारी रुग्णालयात न्या. निघतानाच ते कुठं आहे, गावात विचारून ठेवा.

बाकी पाणी माणशी दोन लिटर, टोपी, लांब बाह्यांचा सदरा, मोजपट्टी, वही आणि मऊ पेन्सिल. सड्यावर सहसा सावलीला झाड नसतं, दुकान तर नाहीच.

पाचवी पायरी : बघायचं कसं

आता कशेळीचा हत्ती. आवारात शिरल्यावर लगेच मधे जाऊ नका. आधी बाहेरून पूर्ण फेरी मारा. इतक्या मोठ्या आकृतीपाशी उभं राहिलं की हत्ती दिसत नाही, फक्त एक वळत जाणारी चर दिसते. ती चर नजरेनं धरा आणि तिच्या बाजूबाजूनं चाला. पाठीचा उंचवटा येतो, मग उतार, मग पाय. एखाद्या वळणापाशी ती दगडाच्या भेगेत हरवते. तिथं थांबा, दोन पावलं मागं या, गुडघे टेकून नजर जमिनीलगत न्या. भेग वेडीवाकडी जाते आणि तिचे काठ तुटके असतात. माणसानं कोरलेली चर एकसारख्या रुंदीनं जाते आणि काठ झिजून गोलसर झालेले असतात. चरीच्या तळाशी बघा : काळपट दगडफूल, चिमूटभर तांबडी माती, वाळक्या गवताची मुळं, त्यातून चाललेली मुंग्यांची रांग. हा फरक एकदा डोळ्यात बसला की पुढचं सगळं सोपं होतं.

पूर्ण फेरी झाली की मग हत्तीच्या आत काय आहे ते बाहेर उभं राहून शोधा. मासे, पक्षी, श्वापदं, पाकटासारखा चपटा समुद्री जीव. आतली चित्रं एकाच दिशेनं तोंड करून नाहीत. एक इकडून सुलट दिसतं तर दुसरं पलीकडून, म्हणून चारही बाजूंना जावं लागतं. हत्ती आधी कोरला आणि त्यात बाकीचे भरले, की आधी असलेल्या चित्रांभोवती हत्तीची रेष फिरवली? दोन रेषा जिथं एकमेकींना भेटतात तिथं बारकाईनं बघून तुमचा तुम्ही तर्क करा. मला स्वतःला हत्ती आधीचा वाटतो, कारण आतली चित्रं त्याच्या रेषेला सांभाळून बसवल्यासारखी दिसतात, पण माझ्या म्हणण्यावर विसंबू नका.

माणसाची आकृती ओळखायची तर पायांपासून सुरुवात करा. अनेक मानवाकृतींची पावलं दोन्ही बाजूंना वळलेली दाखवली आहेत, हात अंगालगत सरळ आहेत आणि चेहऱ्यावर नाकडोळे नाहीत. प्राण्यांत तसं नाही. तिथं कोरणाऱ्यानं शेपटीचा बाक, शिंगाची जागा, पोटाची गोलाई अशी टिपली आहे की जनावर जवळून, रोज बघणाऱ्याचाच तो हात असावा असं वाटतं. माशाचे पर बघा म्हणजे पटेल.

कोरण्याच्या तऱ्हाही वेगळ्या आहेत. बऱ्याच ठिकाणी नुसती बाह्यरेषा खोदली आहे. काही ठिकाणी आतला भाग पूर्ण खोल केला आहे. तर काही ठिकाणी भोवतीचा दगड काढून आकृती उठावात ठेवली आहे. एका जागी या तिन्ही तऱ्हा दिसल्या तर तशी नोंद करा.

सहावी पायरी : फोटो आणि नोंद

मोबाइल पुरेसा आहे. फोटो काढताना सूर्य तुमच्या पाठीशी नको, बाजूला हवा. प्रत्येक आकृतीचा एक फोटो मोजपट्टी शेजारी ठेवून, एक मोजपट्टीशिवाय. पट्टी रेषेच्या बाजूला ठेवायची, चरीत नाही. आकृती मोठी असेल तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकत असे फोटो घ्या की प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा निम्म्याहून अधिक भाग येईल. नंतर संगणकावर ते जोडून पूर्ण चित्र तयार करता येतं. तारीख, वेळ, गाव, वाडी आणि आकृतीचं डोकं कोणत्या दिशेला आहे, हे वहीत लिहा.

आणि एक तरी आकृती हातानं काढा. चित्रकला येण्याची गरज नाही. पेन्सिल हातात असली की डोळा प्रत्येक वळणाशी अडतो, इथं रेष खरंच आहे की आपण मनानं जोडली, हा प्रश्न पडतो. फोटो काढून निघालेल्या माणसाला तो पडत नाही.

ज्या जागांना कुंपण किंवा राखण आहे त्यांचे फोटो खुशाल टाका. पण आडबाजूच्या, संरक्षण नसलेल्या शिल्पाचा फोटो टाकताना त्याचा नेमका नकाशा जोडू नका, गावाचं नाव पुरे. सगळी ठिकाणं अजून सरकारी संरक्षणाखाली आलेली नाहीत, आणि चार गाड्या एकाच वेळी सड्यावर फिरल्या तरी चाकांखाली काय गेलं ते कुणाला कळतही नाही.

काय करायचं नाही

आकृतीवर पाय नाही, बूट काढूनही नाही. खडू, रांगोळी, चुना, कोळसा, रंग, काहीही चरीत भरायचं नाही. जांभा छिद्रांचा दगड आहे, आत गेलेली पूड निघत नाही आणि पुढे अभ्यासकाला त्या चरीतल्या मातीतून काही शोधायचं असेल तर ती संधीही जाते. काडीनं, खराट्यानं, तारेच्या ब्रशनं चर साफ करायची नाही. साचलेल्या मातीखाली आणखी रेष आहे असं वाटलं तरी उकरू नका, ते काम शास्त्रीय पद्धतीनं करणाऱ्यांचं आहे. पाणी ओतलं की रेष गडद दिसते म्हणून बाटल्या रिकाम्या करणारे असतात, त्यांना नम्रपणे थांबवा. चूल पेटवायची नाही. आच लागली की कातळाचे पापुद्रे सुटतात.

नवं काही सापडलं तर

हे तुम्ही समजता तितकं दुर्मीळ नाही. नजर तयार झाली की ओळखीच्या सड्यावर, एखाद्या पाणंदीच्या कडेला, नव्यानं केलेल्या कलमांच्या बागेत सरळ जाणारी चर दिसू शकते. तेव्हा काही हलवू नका, साफ करू नका. मोजपट्टीसह फोटो काढा, लांबून आजूबाजूच्या खुणा येतील असा एक फोटो काढा, मोबाइलवर त्या जागेचे अक्षांश-रेखांश टिपून ठेवा. मग जमीन कुणाची आहे ते शोधून त्या मालकाला सर्वांत आधी सांगा. त्याला बातमी बाहेरून कळली तर जमीन हातची जाईल या धास्तीनं तो पहिल्यांदा विरोधच करील, आणि त्यात त्याचा दोष नाही. त्याला सोबत घेऊन सरपंच आणि ग्रामसेवकांना दाखवा, राज्य पुरातत्त्व विभागाच्या रत्नागिरीतल्या कार्यालयाला फोटो आणि जागेची माहिती लेखी द्या आणि अर्जावर पोच घ्या. रिसबूड, मराठे यांच्या निसर्गयात्री संस्थेलाही कळवा, कारण ती मंडळी प्रत्यक्ष सड्यावर येऊन खात्री करतात.

जवळ चिरेखाण सुरू असेल, सपाटीकरणासाठी जेसीबी आला असेल किंवा कलमांचे खड्डे पाडायला सुरुंग लागणार असतील, तर त्याच दिवशी तहसीलदार कार्यालयातही अर्ज द्या. अर्जात जमिनीचा गट नंबर हवाच. तो नसला की जागा शोधण्यातच आठवडे जातात आणि चिरेखाणीचं यंत्र तेवढ्यात बराच कातळ कापून मोकळं होतं. गट नंबर तलाठ्याकडे मिळतो, सातबारा ऑनलाइनही दिसतो. अर्जाला मोजपट्टी ठेवून काढलेला फोटो जोडा आणि एक प्रत ग्रामपंचायतीच्या आवक नोंदवहीत चढवून घ्या. पुढच्या ग्रामसभेत विषय घेण्याची विनंतीही त्याच पत्रात लिहा. उक्षीच्या हत्तीभोवती बांधबंदिस्ती उभी राहिली तीही गावानंच मनावर घेतलं म्हणून.